वाढवलं की ते

माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलला नाही. हे मी सुरुवातीलाच कबूल करते, कारण पुढं त्याच्याविषयी फार चांगलं काही सांगणार नाहीये. तो खरं बोलला, आणि तेही आमच्या मायच्या तोंडच्या शब्दात बोलला. त्या खऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

शब्द साधाच होता. आमच्या मायला दिवेलागणीनंतर 'बंद करा', 'विझवा' असलं काही म्हणता यायचं नाही. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढते. सगळ्याच बायका असं म्हणतात, पण माय हा शब्द चुलीपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत सगळ्यांना लावायची. घरात टीव्ही आला तेव्हा तिनं तो टीव्हीलाही लावला. "वाढवा गं तो आता," असं ती म्हणाली की मी मुद्दाम उठून आवाज मोठा करायची.

"भवाने, वाढव म्हणलं न!"

"वाढवला की, माय. अजून वाढवू?"

मग चप्पल यायची. दादा, म्हणजे माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माझा भाऊ, भिंतीला टेकून पोट धरून हसायचा. त्या घरात आम्ही तिघंच होतो. वडील मी चालायला लागायच्या आधीच गेले होते.

आमचं गाव सिद्धेश्वरच्या धरणापासून लांब नाही. थोडं वावर होतं आणि वीस-पंचवीस शेळ्या होत्या. माय शेळ्यांमागं जायची, आणि आसपासच्या गावांत कुणाची शेळी अडली की मायला बोलावणं यायचं. हाताला कोपरापर्यंत गोडं तेल लावून ती असं काही करडू सोडवायची, की डॉक्टरनंही बाजूला उभं राहून बघावं. हे कुणीतरी वर कळवलं असणार, कारण एके दिवशी टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं जीप घेऊन आमच्या गोठ्यापुढं उभी राहिली. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच होतो.

तीन माणसं होती. एकजण प्रश्न विचारायचा, एकाजवळ कॅमेरा, आणि एकाच्या हातात तीन पायांच्या तिकाटण्यावरचा मोठा लाईट. नेमकी त्याच दिवशी एक शेळी व्यायला झालेली. मायनं त्यांच्यासमोरच करडू सोडवलं, त्याचं नाक-तोंड पुसलं, आणि पुसता पुसता प्रश्नांची उत्तरं दिली. तिला टीव्हीची काही मातबरी नव्हती. पण करडू त्या उजेडानं डोळे मिटून घेऊ लागलं, तेव्हा ती लाईटवाल्याला म्हणाली, "वाढवा की वो आता ते. लेकराला भ्याव वाटून राहिलं."

लाईटवाला शहरातला होता. त्यानं बिचाऱ्यानं लाईट वाढवला, म्हणजे खरोखरच वाढवला. सगळा गोठा पांढराफटक झाला. मायचे दोन्ही हात भरलेले, म्हणून तिनं दंड डोळ्यांवर धरला आणि हसायलाच लागली. "अवं, वाढवा म्हणलं तर हे वाढवूनच राहिले!" ते हसणं कॅमेऱ्यात आलं, आणि कार्यक्रमवाल्यांनी शहाणपणानं ते तसंच ठेवलं.

कार्यक्रम कधी लागणार ते पत्रानं कळलं. दादाला तेव्हा हिंगोलीत एका कचेरीत नुकतीच नोकरी लागली होती. कार्यक्रम कॅसेटवर भरून घ्यायला त्यानं एका व्हिडिओवाल्याकडून व्हीसीआर भाड्यानं घेतला, गोधडीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर ठेवून गावी आणला. संध्याकाळी अर्धं गाव आमच्या दारात. आणि ऐन वेळी चित्राला मुंग्या. दादा पत्र्यांवर चढला आणि अँटेना धरून उभा राहिला.

"दिसलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"दिसलं, दिसलं! हलू नको, दादा!"

तो हलला नाही. साधारण चार मिनिटं माय टीव्हीवर होती, आणि ती चारही मिनिटं माझा भाऊ पत्र्यावर दांडा धरून उभा होता. आपली माय टीव्हीवर आलेली त्यानं पाहिलीच नाही, फक्त खालून येणारं आमचं हसणं ऐकलं. सगळे गेल्यावर त्यानं कॅसेट तीनदा लावली, आणि मग कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा सुरीनं मोडून टाकला. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. "आता हिला कुणी हात लावू शकत न्हाई," तो म्हणाला. त्या दिवशी माझ्या भावाइतका चांगला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात नसेल. मी हे मुद्दाम सांगते आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं लग्न होऊन मी हट्ट्याला आले. संगणक शिकले आणि वसमतला एका क्लासात शिकवायला लागले. माय गेली ती दोन दिवसांच्या तापात, कुणाला काही कळायच्या आत. तिचा एकच फोटो होता, तोही स्टुडिओवाल्यानं रंगवून तिला गोरी करून दिलेला. त्यातली बाई आमची कुणीच लागत नाही असं मला वाटायचं. खरी माय कॅसेटमध्ये होती, आणि कॅसेट माझ्याकडं होती. पण तिला पांढरी बुरशी धरायला लागली होती. लावली तर तुटेल या भीतीनं मी ती वर्षानुवर्षं लावली नाही, नुसती उन्हाळ्यात काढून पुसून ठेवायची.

दादाचं मात्र बरं चाललं. बढती मिळाली, हिंगोलीत दुमजली घर झालं, लोक साहेब म्हणायला लागले. दोन मजल्यांवर दोन टीव्ही आले. त्यानं टीव्हीवरचं भरून ठेवणारा रेकॉर्डर घेतला, पण त्याच्या पोटात जागा थोडी. म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून औरंगाबादहून एक डबा आणला. त्यात हार्ड डिस्क बसते, घरातल्या सगळ्या यंत्रांना तो वायरीनं जोडायचा, रेकॉर्डरनं भरलेलं त्या डब्यात साठतं आणि कुठल्याही खोलीतल्या टीव्हीवर दिसतं. आणला खरा, पण जोडता कुणाला येतो?

"बाई, तू जगाच्या लेकरांना शिकवून राहिली," दादा फोनवर म्हणाला. "मंग भावाच्या घरचं काहून करून देत न्हाईस?"

मी गेले. खाली दिवाणखान्यात रेकॉर्डर, वर माडीवरच्या खोलीत डबा. जिन्याच्या कडेनं निळी वायर नेली, खिडकीच्या चौकटीतून भोक पाडून घेतलं, वायरीच्या दोन्ही टोकांना चिमट्यानं प्लग दाबून बसवले. एवढं करून रेकॉर्डरला डबा काही दिसेना. दोघं एका घरात राहून एकमेकांना ओळख देईनात. वहिनींनी तीनदा चहा दिला आणि चौथ्या वेळी विचारलं, "व्हईल न वो वन्सं, का त्या दुकानवाल्याला बोलवायचं?" मी चिडून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. डब्याचा आकड्यांतला पत्ता मी एका आकड्यानं चुकवला होता. तो बरोबर टाकल्यावर दोघांचं जमलं.

त्या डब्यात मायला ठेवायचं मी घरून निघतानाच ठरवलं होतं. पिशवीत कॅसेट होती. मायसाठी वेगळा कप्पा केला, पण रेकॉर्डरला मराठी अक्षरं कळेनात, नुसते चौकोन दिसायला लागले. मग इंग्रजीत लिहिलं: एम, ए, वाय. माय. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दादानं मधल्या काळात स्वतःचा व्हीसीआर घेतला होता, तो माळ्यावरून काढला. पिवळी, तांबडी, पांढरी अशा तीन वायरींनी तो रेकॉर्डरला जोडला. कॅसेटची फीत पेन्सिलीनं फिरवत कापसानं पुसली. आणि लावली. दादा आणि मी खाली सतरंजीवर बसलो होतो, लहानपणी बसायचो तसे. करडू आलं, माय बोलली, उजेड वाढला, तिनं दंड डोळ्यांवर धरला. "अवं, वाढवा म्हणलं तर हे वाढवूनच राहिले!" ते हसणं पुरतं भरून झालं आणि व्हीसीआरच्या पोटात करकर आवाज झाला. फीत गुंडाळून तुटली. मी बोटांनी ओढून काढली तर दोन-तीन ठिकाणी चुरगळून पार गेली होती.

दादानं ती फीत हातात घेतली. त्याचे डोळे भरलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. "जाऊ दे," तो म्हणाला. "डब्यात आली न माय? बस झालं."

मी क्लासात पोरापोरींना पहिल्या दिवशी सांगायची, कामाच्या गोष्टीची एक कॉपी स्वतःजवळ ठेवा आणि एक दुसऱ्याकडं. माझी एकच होती आणि ती दुसऱ्याकडं होती. त्या दिवशी कोरी डीव्हीडी न्यायची विसरले आणि संध्याकाळची गाडी गाठायची होती. शिवाय दुसरा म्हणजे कोण, पत्र्यावर अँटेना धरून उभा राहिलेला माणूस. निघताना दादाला एवढंच सांगितलं, "डब्यात दोन खण हायत. एकच भरलाय. जागा संपत आली की दुसरी डिस्क वाढवावी लागंल."

"वाढवू की," दादा म्हणाला.

पुढं दादाच्या मुलीच्या, माझ्या भाचीच्या लग्नाचं निघालं. पुण्याकडचे पाहुणे पाहून गेले, त्यांना पोरगी पसंत पडली, सगळं जमत आलं. दादा-वहिनी घाईत, मीही क्लासात अडकलेली. पोळ्याच्या सुमारास मी फोन केला. लग्नाचं बोलून झाल्यावर विचारलं, "दादा, तो डबा भरत आला असंल. दुसऱ्या डिस्कचं राहूनच गेलं. मायच्या रेकॉर्डिंगचं काय केलं?"

पलीकडं मिक्सर चालू होता. तो थांबल्यावर दादा म्हणाला, "वाढवलं की ते."

"बरं झालं," मी म्हणाले.

बरं झालं! मी मराठीतच वाढलेली बाई, मायच्या त्या शब्दावरून तिची चप्पल खाल्लेली. डिस्क असती तर तो 'वाढवली' म्हणाला असता. तो 'वाढवलं' म्हणाला. ते रेकॉर्डिंग. सरळ कानात सांगितलं त्यानं. पण माझ्या डोक्यात जागा, खण, डिस्क असलंच सगळं भरलेलं होतं. ही चूक करायचा अधिकार साऱ्या जगात त्या लाईटवाल्याला होता, मला नव्हता.

दिवाळीपर्यंत मी त्याचं कौतुक करत हिंडले. सासूबाईंना सांगितलं, आमच्या दादानं मायसाठी वेगळी डिस्क घेतली. त्या म्हणाल्या, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी मान डोलावली. ते आठवलं की मला आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

भाऊबीजेला हिंगोलीला गेले ते पिशवीत चार कोऱ्या डीव्हीडी घेऊन. हातपाय धुतले आणि आधी टीव्ही लावला. डब्यातली यादी समोर आली. वहिनींच्या मालिका होत्या, क्रिकेट होतं, महाबळेश्वरच्या सहलीचं होतं. एम, ए, वाय नव्हतं. वर-खाली दोनदा पाहिलं. माडीवर जाऊन डबा पाहिला. दुसऱ्या खणाला कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, त्याच्यावरची चिठ्ठीही कुणी काढली नव्हती.

खाली आले. दादा पाटावर बसायला धोतर नेसून तयार होता. वहिनी ताटात निरांजन ठेवत होत्या.

"दादा, मायचं रेकॉर्डिंग कुठंय?"

त्यानं टोपी नीट केली. वहिनीच बोलल्या. "तुमाला फोनवर सांगतलं न यांनी? वाढवलं म्हणून?"

मला तेव्हा, तिथं कळलं.

"पुसून टाकलं म्हण," मी दादाला म्हणाले. "वाढवलं काहून म्हणालास?"

"माय काय म्हणायची?" तो भिंतीकडं बघत म्हणाला. "मायचंच होतं ते. पुसलं म्हणायला जीभ रेटंना. अन् मी खोटं कुठं बोललो? तूच बरं झालं म्हणलीस."

"तुला माहीत होतं मला काय वाटलं ते."

त्याला माहीत होतं. मला काय वाटलं ते माझ्या 'बरं झालं' मध्येच त्याला ऐकू आलं होतं, आणि त्यानं ते तसंच राहू दिलं. सणाला मी येईपर्यंत दोन-अडीच महिने राहू दिलं.

पुसलेलं परत आणायच्या काही युक्त्या असतात. त्या करायला माडीवर जावं म्हणून मी वळलेही, पण यादी डोळ्यांसमोर होती. त्यावर मालिकांचे भाग रोज भरले, पुसले आणि पुन्हा भरले गेले होते. तिथं काही उरलेलं नसणार हे मला, संगणक शिकवणारीला, कुणी सांगायची गरज नव्हती. "पण काहून?" मी विचारलं. "जागा तर अजून निम्मी रिकामी हाय."

"आता यांना काय विचारून राहिल्या?" वहिनींचा आवाज चढला. "तुमीच तसलं नाव दिलं. एम, ए, वाय. हे पाहुण्यांना दाखवायला गेले, डब्यातलं कसं कुठलं पण लागतं ते. मे महिन्याची सहल असंल म्हणून दाबलं, त् निघाल्या सासूबाई. हात कोपरापर्यंत भरलेले, ते रगत, ती शेळी. पाहुणीनं तोंडाला पदर लावला. विचारलं, ह्या कोण?"

"बस कर," दादा म्हणाला.

"काहून बस करू? वन्संला कळू द्या. यांनी सांगतलं, आमच्या गावाकडची एक बाई हाय. मंग आता लग्नात ते पाहुणे धा दिवस येणार-जाणार. पुन्यांदा ते लागलं असतं अन् ही यांचीच माय म्हणून कुणी बोललं असतं तर? आमच्या पोरीचं जमलेलं मोडलं असतं. वाढवलं ते बराबरच केलं."

गावाकडची एक बाई. मी दादाकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, मायच्या त्या रंगवलेल्या फोटोकडंही बघत नव्हता. त्याला चार शिव्या द्याव्यात, चपला घालून सरळ बसस्टँड गाठावा, असं सगळं मनात येऊन गेलं. कॅसेट तुटली तेव्हा त्याचे डोळे भरलेले मी पाहिले होते. ते खोटं नव्हतं. मला अजूनही ते खोटं वाटत नाही, आणि सगळ्यात जास्त तकलीफ मला त्याचीच होते. माणूस खोटा असता तर तोडून टाकला असता.

पण आतल्या खोलीत भाची होती. ती बाहेर येऊन दारात उभी राहिली होती, तिचा चेहरा उतरला होता. तिचा यात काय दोष? मी पाण्यानं डोळे धुऊन आले आणि म्हणाले, "बस पाटावर."

तो बसला. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली. निरांजन तीनदा ओवाळलं. त्यानं ताटात घातलं ते मी पाहिलं नाही. त्यानं वाकून माझ्याकडं बघितलं, लहानपणी चूक झाली की बघायचा तसं, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो पाटावरून उठला.

ताट घेऊन मी देवघराकडं गेले. शेजारच्या भिंतीवर मायचा फोटो होता, हार घातलेला, गोरीपान, कुणाचीच नसलेली बाई. ताट त्याच्याशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. खिडकीतून वारं येत होतं आणि निरांजनाची ज्योत पडद्याकडं झुकत होती.

"अगं, पडदा पेटंल," मागून दादा म्हणाला. "वाढव ते."

मी वाकले आणि तोंडानं फुंकर मारली. आमच्या घरात असं कधी कुणी केलेलं नव्हतं. वहिनींनी "अगं बाई" केलं. धुराची रेघ मायच्या फोटोवरून वर गेली.

"विझवलं, दादा," मी म्हणाले. "ह्याला विझवलं म्हणतात."